नियम नऊ, ओळ तिसरी

“हात धुतलेत का?” खानापूरकरांनी विचारलं.

आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात जेमतेम पाऊल टाकलं होतं. मी अजून चप्पल काढत होते. देवदत्तने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लगेच दोन्ही तळवे पुढे केले. शाळेत नखं दाखवतात तसे.

“घरून धुऊनच निघालो सर.”

“आणि मग इथपर्यंत स्कूटरचं हँडल धरलंस. बेसिन तिकडे आहे.”

देवदत्त बेसिनकडे गेला. त्याच्या हाताखाली कारखान्यात ऐंशी माणसं होती. मी त्याच्यामागून गेले आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिले. हात धुतले नाहीत. माझं बंड एवढंच असायचं.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकला, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला खानापूरकरांचा बंगला होता. ते देवदत्तच्या कारखान्याचे प्रमुख. जर्मनीला कसल्याशा यंत्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि येताना एक खेळ घेऊन आले. चार जणांनी टेबलावर मांडून खेळायचा, पण ल्युडो किंवा व्यापारासारखा नाही. या खेळाचा एक डाव झाला की पट कायमचा बदलायचा. पटावर एका बेटाचा नकाशा होता. जंगल जळलं की तिथे काळं स्टिकर चिकटवायचं, पूल बांधला की पुलाचं. काही पत्ते वापरून झाले की चक्क फाडून टाकायचे. डाव जिंकणाऱ्याने बेटावरच्या एका वस्तीला स्वतःच्या मनाने नाव द्यायचं, तेही न पुसल्या जाणाऱ्या शाईने. दर डावाआधी एक सीलबंद पाकीट फोडायचं, त्यातून नवे पत्ते निघायचे. असे बारा डाव. बारावा झाला की खेळ संपला, तो पुन्हा कुणालाच खेळता येणार नाही.

“हा खेळ नाही शाल्मली,” खानापूरकर मला पहिल्या दिवशी म्हणाले होते. “हा अनुभव आहे. इथे केलेलं पुसता येत नाही.”

स्टिकर लावायला ते चिमटा वापरत. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा. बोटाचं तेल लागू नये म्हणून.

तर दर रविवारी सकाळी अकराला आम्ही त्यांच्याकडे अनुभव घ्यायला जात होतो. खेळणाऱ्या प्रत्येकाचं एकेका रंगाचं घराणं असायचं. खानापूरकर लाल, देवदत्त निळा, मी हिरवी. चौथ्या, पिवळ्या घराण्याच्या होत्या खानापूरकरांच्या बायको, पद्मजावहिनी.

देवदत्त विद्यापीठाचा बुद्धिबळातला विजेता होता. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेच पटासमोर. समोरच्याचा वजीर त्याने असा उचलला होता की मला वाटलं, हा माणूस आयुष्यात कुणाला घाबरणार नाही. आता तोच माणूस दर रविवारी खानापूरकरांपेक्षा एक गुण कमी राहील असा हिशोब करत बसे. जिंकण्यापेक्षा हरायला त्याला जास्त डोकं चालवावं लागे. सिन्नरला नवं युनिट उभं राहत होतं. त्याचा प्रमुख कोण, हे खानापूरकर ठरवणार होते.

सहा रविवारांत खानापूरकर पाच वेळा जिंकले. बेटावर श्रीरंगनगर, श्रीरंगपूर, खानापूर, नवे खानापूर आणि श्रीरंगबंदर अशा पाच वस्त्या झाल्या. माणसाला बेट मिळालं तरी त्याला स्वतःपलीकडचं नाव सुचू नये! एकदा मी जिंकले, कारण त्या दिवशी त्यांना ताप होता.

पण खरं सांगायचं तर खानापूरकरांची मला गंमतच वाटायची. देवदत्तचा राग यायचा. तिटकारा यायचा तो पद्मजावहिनींचा.

त्यांची पाळी आली की खानापूरकर म्हणत, “पद्मजा, तिकडे नको ठेवूस. अलीकडे ठेव.”

“बरं.”

“आणि तो पत्ता देवदत्तला देऊन टाक. तुझ्या कामाचा नाही.”

“बरं.”

कधी कधी तर तेच हात लांब करून त्यांची पिवळी सोंगटी उचलत आणि हवी तिथे ठेवत. वहिनी मान हलवत आणि चहाचं बघायला उठत. कडक इस्त्रीची साडी, विंचरून बसवलेले केस, पंचेचाळिशीची बाई. दर वीस मिनिटांनी आत जायची, बशा आणायची, बशा न्यायची. मी तेव्हा एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. सोमवारी स्टाफरूममध्ये मी वहिनींचं ‘बरं’ करून दाखवायचे. मान किंचित डावीकडे, डोळे खाली, “बरं.” सगळ्याजणी हसून बेजार व्हायच्या. सातव्या रविवारच्या आधी तर एकीने मला व्हरांड्यात अडवून विचारलं होतं, “काय गं, या आठवड्याचं बरं काय?”

त्या सातव्या रविवारी डाव सुरू होऊन तासभर झाला होता. दहा गुणांना डाव संपतो. खानापूरकर नऊवर होते, देवदत्त हिशोबाने आठवर, मी सहावर, वहिनी सातवर. खानापूरकरांची पाळी नुकतीच झाली आणि त्यांचा फोन वाजला. चेन्नईहून, मुख्य कार्यालयातून होता. ते उठले.

“तुम्ही तिघं खेळून घ्या. माझी पाळी आली की थांबा. पद्मजा, तू नुसतं पास म्हण. काही हलवू नकोस.”

“बरं.”

ते बागेत गेले. काचेच्या दारातून दिसत होते, फोन कानाला लावून गुलाबांच्या वाफ्याभोवती फेऱ्या मारताना.

देवदत्त खेळला आणि आठवरच राहिला. मी खेळले. मग वहिनींची पाळी आली. त्या पास म्हणणार म्हणून मी भजी घ्यायला हात पुढे केला.

पण वहिनींनी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि पटाकडे पाहत राहिल्या. मग हातातल्या पत्त्यांतून एक पत्ता काढून टेबलावर ठेवला. नावाडी. तो त्यांना चौथ्या रविवारी मिळाला होता. तीन आठवडे त्या तो धरून बसल्या होत्या, आणि खानापूरकरांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी पिवळी सोंगटी पुलावरून पलीकडे नेली, तिथून होडीत ठेवली आणि बेटाच्या टोकाला, अजून कुणीच न पोचलेल्या बंदरात लावली.

“पुलाचा एक. बंदराचे दोन,” त्या म्हणाल्या. “झाले दहा.”

देवदत्तच्या तोंडून “वा!” निघून गेलं. फार दिवसांनी मी त्याचा तो आवाज ऐकला.

“थांबा,” मी म्हटलं. “एकाच पाळीत पूल आणि होडी, दोन्ही चालतं?”

“बघ ना फायलीत. नियम नऊ.”

मूळ नियम जर्मनमध्ये होते. खानापूरकरांनी त्यांचं मराठी करून एका निळ्या फायलीत लावून ठेवलं होतं. सुरेख, उजवीकडे झुकलेलं हस्ताक्षर होतं. कारखान्यातल्या कुणा कारकुनाला बसवलं असेल असं मी धरून चालले होते. मी फाइल उघडली आणि मोठ्याने वाचलं, “ज्या घराण्याकडे नावाडी असेल, त्यास एकाच पाळीत पूल व होडी दोन्ही वापरता येतील.”

“तिसरी ओळ ना?” वहिनींनी विचारलं.

“हो.”

“मग बरोबर आहे.”

त्यांनी पेन उचललं. मला वाटलं, विचार करतील, नवऱ्याला विचारून येते म्हणतील. पण टोकाच्या त्या वस्तीवर त्यांनी एका दमात लिहिलं. हेरलवाडी.

“हे कुठलं?” मी विचारलं.

“आमच्या शाळेच्या खिडकीतून दिसायचं. नदीपलीकडे. दहा वर्षं रोज बघितलं. जायचं राहिलं.”

एवढं सलग बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते. त्यांचे गाल लाल झाले होते. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि मीही हसले. ते हसू खोटं नव्हतं, एवढं तरी मला म्हणू द्या.

दार सरकलं. खानापूरकर आत आले, खुर्चीत बसले, पटाकडे पाहिलं.

“हे काय?”

“वहिनी जिंकल्या,” मी म्हटलं.

“पद्मजा? कशी काय?” त्यांनी वाकून वाचलं. “हेरलवाडी? माझ्या बेटावर हेरलवाडी?” ते हसले, पण आम्ही कुणीच हसलो नाही हे त्यांच्या लक्षात आलं. “तुला पास म्हणायला सांगितलं होतं ना?”

“चाल होती,” वहिनी म्हणाल्या.

“कसली चाल? पूल आणि होडी एका पाळीत? असं चालत नाही.” निळी फाइल टेबलावरच होती. त्यांनी तिच्यावर आपला पंजा ठेवला. “मला नियम पाठ आहेत. देवदत्त, तू बुद्धिबळवाला आहेस, तू सांग. बसत होती ही चाल नियमात?”

देवदत्तने पटाकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, “तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर सर... नाही बसत.”

मला त्याच्याकडे बघवेना. तांत्रिकदृष्ट्या! लाचारीलाही त्याने इस्त्री केली होती.

“शाल्मली?” खानापूरकर माझ्याकडे वळले. “तू बघत होतीस. तुला काय वाटलं?”

दोन मिनिटांपूर्वी ती ओळ मी माझ्या तोंडाने वाचली होती. खानापूरकर माझे साहेब नव्हते. माझी नोकरी वेगळी, माझं कॉलेज वेगळं. हात न धुता त्यांच्या पत्त्यांना हात लावायची माझी हिंमत होती. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. विनवणी वगैरे त्या नजरेत काही नव्हतं. पुस्तक परत मिळणारच असं धरून हात पुढे करावा, तसं त्या बघत होत्या.

“माझं लक्ष नव्हतं,” मी म्हटलं. “मी भजी घेत होते.”

मग वहिनींनीच तोंड उघडलं.

“नियम नऊ, ओळ तिसरी. तुमच्या हाताखाली आहे. मीच लिहिलंय ते.”

“तू उतरवून काढलंस,” खानापूरकर म्हणाले. मग आमच्याकडे बघत, लहान मुलाचं कौतुक सांगावं तसं म्हणाले, “डिक्शनरी घेऊन बसायची दुपारची. वेळ जातो तिचा.”

“मी लग्नाआधी सहा वर्षं जर्मन शिकवलंय, श्रीरंग. पुण्यात. डिक्शनरी तुम्हाला लागते.”

त्यांच्या तोंडून नवऱ्याचं नाव मी प्रथमच ऐकलं. खानापूरकरांनी पेटीतून एक कोरं स्टिकर काढलं, चिमट्यात धरलं आणि हेरलवाडीवर बसवलं. चारी कडा अंगठ्याने दाबल्या. कधी नव्हे ते बोट लावलं.

“चला. पद्मजाची पाळी पास. माझी पाळी.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, झालं. हेच होणार होतं. मला हायसंही वाटलं, कारण त्या पुन्हा माझ्या ओळखीच्या झाल्या होत्या.

“मग नियम सतरा,” त्या म्हणाल्या.

त्यांच्यासमोर पिवळ्या घराण्याचा मोठा पत्ता होता. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आपापल्या पत्त्यावर सह्या केल्या होत्या. त्यांनी तो उचलला आणि मधोमध फाडला. मग दोन तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडले. जाड पुठ्ठा होता, जोर लावावा लागला.

“पद्मजा! अगं काय करतेस? हे परत मिळत नाही!”

“घराण्याला स्वतःहून बेट सोडता येतं. सोडलेलं घराणं परत येत नाही. आणि चारातलं एक गेलं की खेळ तिथेच संपतो, उरलेली पाकिटं उघडायची नाहीत. वाचायचं असेल तर शेवटचं पान बघा.”

त्यांनी चार तुकडे बशीत ठेवले, भज्यांच्या शेजारी. मग उठल्या, दारातल्या चपला घातल्या आणि बाहेर गेल्या. फाटक लावल्याचा आवाज आला. हातात पर्स नव्हती. त्या कुठे गेल्या ते आम्हाला ठाऊक नव्हतं आणि खानापूरकरांनाही नसावं. ते फायलीचं शेवटचं पान काढून वाचत होते, ओठ हलवत.

आम्ही निघालो. सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मी देवदत्तच्या पाठीला म्हटलं, “तू धडधडीत खोटं बोललास.”

“हो.”

“लाज नाही वाटत?”

त्याने मान वळवली नाही. “मला सिन्नर हवंय. तुला काय हवं होतं?”

सिग्नल सुटला.

पुढच्या रविवारी खानापूरकरांनी देवदत्तला एकट्याला बोलावलं. नियम सतरा त्यांना मान्य नव्हता. त्यांनी उरलेली पाचही पाकिटं फोडली होती. आतले पत्ते अर्थातच जर्मनमध्ये होते आणि वाचून द्यायला घरात कुणी नव्हतं. कारखान्याचे प्रमुख आणि विद्यापीठाचा बुद्धिबळ विजेता असे दोघं तीन तास मोबाइलवर एकेक शब्द घालून अर्थ लावत बसले. ‘पाणकोंबडीने करार ओलांडला आहे’ असं काहीतरी निघालं म्हणे. नंतर तो खेळ कुणी काढला नाही. देवदत्तला सिन्नर मिळालं. वर्षाने खानापूरकर बदली होऊन चेन्नईला गेले. वहिनी गेल्या नाहीत, एवढं कानावर आलं होतं.

देवदत्त आणि मी अजून एकत्रच आहोत. त्या सिग्नलवरच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला दिलं नाही आणि त्यानेही परत विचारलं नाही.

गेल्या जूनमध्ये माझ्या मुलीने, मुक्ताने, जर्मन शिकायचा हट्ट धरला. ती बारा वर्षांची आहे. तिच्या दोन मैत्रिणी कॉलेज रोडला एका क्लासला जातात, तिथेच हिला जायचं होतं. पहिल्या मजल्यावरची मोठी खोली, बाहेर पंचवीसएक चपला. पाटी होती, पण तिच्यावर फक्त ‘जर्मन भाषा वर्ग’ एवढंच होतं. टेबलामागे पद्मजावहिनी बसल्या होत्या. केस पांढरे आणि अगदी आखूड. मला बघून त्यांनी चष्मा वर सरकवला.

“या. बसा.”

पूर्वी त्या मला ‘तू’ म्हणत. मी बसले. त्यांनी मुक्ताला काही विचारलं, एक कागद वाचायला दिला आणि आतल्या खोलीत वर्ग बघून यायला पाठवलं. आम्ही दोघीच उरलो.

“वहिनी, त्या रविवारी—”

“सातव्या,” त्या म्हणाल्या.

“मला तेव्हाच यायला हवं होतं. तुम्हाला सॉरी म्हणायला.”

त्यांनी अर्ज माझ्यासमोर ठेवला, वर पेन ठेवलं. “तुमच्या मिस्टरांचं मला समजलं होतं. त्यांना नोकरी होती. श्रीरंगचं तर मी वीस वर्षं बघतच होते. तुमचं मात्र मला कधी कळलं नाही. तुम्हाला कशाची भीती होती?”

तेरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले होते, की मी घाबरले. नवऱ्याचं प्रमोशन होतं, संसार नवा होता. तेच आत्ताही जिभेवर आलं. वहिनी वाट बघत होत्या. आतून पोरांचा एकसुरात कसलेसे शब्द म्हणण्याचा आवाज येत होता.

“भीती नव्हती,” मी म्हटलं. “मला तुमचा तिटकारा होता. तुम्ही सारखं बरं बरं म्हणायचात. मी कॉलेजात तुमची नक्कल करायचे. तुमच्यासाठी तोंड उघडावं, एवढी तुमची किंमतच नव्हती माझ्या लेखी.”

वहिनींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. चेहऱ्यावर राग दिसला नाही, दुःखही नाही. एखाद्या विद्यार्थ्याचं अडलेलं वाक्य एकदाचं जमलं की शिक्षक ऐकून घेतो, तशी त्यांनी मान हलवली.

“हं,” त्या म्हणाल्या. “हे खरं वाटतं.”

मग त्यांनी अर्ज स्वतःकडे ओढला, त्यावर वेळ लिहिली आणि आतल्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या मुक्ताला म्हणाल्या, “मंगळवार, गुरुवार. सव्वापाचला दार बंद होतं. तू एकटी येत जा.”